'सेंद्रिय वास्तुकला' की आणखी काही?

अनुवादिनी: अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइटच्या 'फॉलिंगवॉटर' या घरावरचा (आराखडा १९३५, पेनसिल्व्हेनिया) लेख मराठीत करतेय. राइटच्या 'ऑर्गॅनिक आर्किटेक्चर'ला (घर आणि भोवतालची जागा मिळून एकसंध रचना) 'सेंद्रिय वास्तुकला' लिहिलं, तर संपादकांचा शेरा आला: "घर गांडूळखताचं आहे का?" पर्याय सुचवा. 'निसर्गस्नेही' नको, ते बिल्डरांनी पार चोथा करून टाकलंय.

पाणिनीचा शेजारी: संपादकांना सांगा, स + इंद्रिय = सेंद्रिय. इंद्रियं जिथल्या तिथे आणि सगळी एकाच देहाची. राइटला दुसरं काय म्हणायचं होतं? शब्द शेतीवाल्यांनी पळवला म्हणून आपण सोडून द्यायचा का?

तुकाराम नव्हे टुकार: शब्द पळवत नसतात हो, वापरतात. वाचकाला खतच आठवणार.

कच्चा आराखडा: मी याच धंद्यातला, ऑफिसात सगळे सरळ 'ऑर्गॅनिक'च म्हणतात. पण ऑर्गॅनिक म्हणजे माती-बांबू नव्हे. हे घर काँक्रीट, पोलाद आणि काचेचंच आहे, दगड तेवढा तिथला. फायरप्लेससमोर जमिनीतून वर आलेला मूळ खडक राइटने फोडला नाही, फरशीतून तसाच वर राहू दिला. काही काचा चौकटीशिवाय थेट दगडी भिंतीत बसवल्यात. भिंत आतून बाहेर निघून गेल्यासारखी दिसते. दिवाणखान्यातून जिना खाली ओढ्यावर उतरतो. 'एकजीव वास्तुकला' कसं वाटतं?

तुकाराम नव्हे टुकार: खतातून निघून पिठात पडलो.

ओढाळ: घरमालक कॉफमन कुटुंबाला धबधबा समोर दिसेल असं घर हवं होतं. राइटने घरच धबधब्यावर नेऊन ठेवलं. आत बसून तो दिसत नाही, ऐकू येतो. मग इंद्रियांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. माझं मत 'सेंद्रिय'ला.

अनुवादिनी: हे लेखात घालते. आणखी एक, ओढ्यावर अधांतरी आलेल्या त्या टेरेसना 'गच्ची' म्हणू ना?

चिकित्सक: मुळीच नाही. गच्ची घराच्या डोक्यावर असते. मजल्यातून पुढे येतो तो सज्जा.

पाणिनीचा शेजारी: 'गच' म्हणजे चुन्याचा पक्का थर, फारसीतून आलेला. 'चुनेगच्ची' आठवा. नाव मालावरून पडलंय, जागेवरून नाही.

चिकित्सक: मग चुनेगच्ची हौदालाही गच्ची म्हणा आणि पोहा तिच्यात.

कच्चा आराखडा: सज्जा म्हणजे चार माणसं कडेला उभी राहतील एवढा. इथे खोलीभर जागा हवेत आहे, इतकी की काँक्रीट वाकत गेलं आणि २००२ मध्ये आतून पोलादी तारा ताणून सावरावं लागलं. सज्जा म्हटलं तर वाचकाला ही तारांबळ कळणारच नाही.

तुकाराम नव्हे टुकार: तारा आणि तारांबळ, वा! हिची व्युत्पत्ती काय, शेजारी?

पाणिनीचा शेजारी: 'ताराबलं चंद्रबलं' हे लग्नातलं. त्या घाईवरून तारांबळ. तारेशी संबंध नाही.

ओढाळ: पटलं नाही. लग्नात घाई पोटाची असते.

अनुवादिनी: अहो, 'सेंद्रिय'चं काय करू? लेख उद्या द्यायचाय.

चिकित्सक: आधी गच्चीचं मिटू दे. 'माळवद' तर अजून कोणी काढलंच नाही.