वस्वसा, वजू आणि समुपदेशन: भावाने कोणाचे ऐकावे?

प्रश्न : मोठी बहीण, रावेर तालुका

सर्वांना सलाम आणि नमस्कार. आम्ही तडवी, म्हणजे मुस्लिम आदिवासी. माझा धाकटा भाऊ 23 वर्षांचा असून गेल्या दीड वर्षापासून त्याला वजू (नमाजआधी हात, तोंड, पाय धुणे) करायला पाऊण तास लागतो. कोपरापर्यंत हात धुऊन झाले की कुठेतरी कोरडे राहिले असे त्याला वाटते आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. नमाजला उभा राहिल्यावर नियत (मनातला संकल्प) नीट झाली की नाही या शंकेने चार-चार वेळा हात बांधतो आणि सोडतो. उन्हाळ्यात आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी येते, त्यामुळे वडिलांशी भांडण पाण्यावरून सुरू होते आणि त्याच्या ‘ढोंगा’पर्यंत जाते.

मशिदीचे पेशइमाम म्हणाले, हा वस्वसा (मनात पुन्हा पुन्हा येणारी शंका) आहे, लक्ष देऊ नकोस. जळगावच्या डॉक्टरांनी ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार) असे निदान करून गोळ्या दिल्या आणि समुपदेशनासाठी पाठवले. तेथे त्याला, वजू एकदाच करायचा आणि शंका आली तरी परत करायचा नाही, असा गृहपाठ मिळाला. आता तो विचारतो की, माझी नमाज झाली नाही तर गुन्हा डॉक्टरांचा की माझा? घरातल्या वडीलधाऱ्यांना तर हे लोक त्याला दीनपासून, म्हणजे धर्मापासून, तोडत आहेत असेच वाटते. मी त्यांना काय सांगावे?

उत्तर 1 : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, धुळे

ताई, मी मुस्लिम नाही, म्हणून धर्माचा निर्णय देणार नाही. उपचाराची रीत मात्र सांगते. या विकाराला मराठीत ‘मंत्रचळ’ असा जुना शब्द आहे. सोवळ्याओवळ्याच्या घरांतील, दिवसातून दहा वेळा अंघोळ करणारे रुग्णही माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या घरचेही मी त्यांचा देव काढून घेईन म्हणून धास्तावलेले असतात. विकार माणसाला जे सर्वांत प्रिय असते तेथेच घर करतो; श्रद्धाळू मुलाच्या बाबतीत तो वजूमध्ये शिरला, एवढेच.

भावाला दिलेल्या गृहपाठाची मुळे 1966 मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी मांडलेल्या पद्धतीत आहेत. शंका येऊ द्यायची, अस्वस्थता वाढू द्यायची, पण ती शमवण्यासाठी केली जाणारी कृती करायची नाही. अस्वस्थता काही वेळाने आपोआप उतरते हे मेंदूला अनुभवानेच पटते, समजावून पटत नाही. मात्र कोणताही जबाबदार समुपदेशक वजूशिवाय नमाज पढायला किंवा नमाज सोडायला सांगणार नाही. तसे कोणी सांगितले तर त्याला कारण विचारा, आणि उत्तर पटले नाही तर समुपदेशक बदला.

आणखी एक गोष्ट, जी घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. ‘झाला ना गं वजू?’ असे तो विचारतो आणि तुम्ही मायेने ‘झाला’ म्हणता, ते उत्तरसुद्धा विकाराचेच खाद्य असते.

उत्तर 2 : भुसावळ

माझ्या मते आधी दर्ग्यावर नेऊन दम (दुआ पढून फुंकर घालणे) करून घ्यावा आणि काही दिवस तेथेच ठेवावे. गोळ्यांची सवय लागते.

उत्तर 3 : मदरशातील शिक्षक, फैजपूर

दुआ करायला कोणाची ना नाही, परंतु रुग्णाला ‘तेथेच ठेवणे’ म्हणजे काय होऊ शकते, ते 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या खासगी आश्रयस्थानात दिसले. आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या 28 रुग्णांना पळता आले नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंडांनी बांधून ठेवण्यास मनाई केली आहे. ‘अल्लाहने असा कोणताही आजार उतरवला नाही ज्याचे औषध उतरवले नाही’, ही हदीस (प्रेषितांचे वचन) बुखारी या हदीससंग्रहात आहे, आणि तिच्यात मनाचा आजार वगळलेला नाही.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे. प्रत्येक अवयव एकदा धुणे फर्ज (अनिवार्य) आणि तीनदा धुणे सुन्नत (प्रेषितांचा परिपाठ) आहे, आणि यापुढे जो वाढवतो त्याने मर्यादा ओलांडली, असे प्रेषितांचे म्हणणे हदीससंग्राहक अबू दाऊद यांनी नोंदवले आहे. प्रेषित एका मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण तांब्याभर पाण्यात, वजू करीत. फिक्हचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, नियम असा की खात्री शंकेने जात नाही. हनफी या इस्लामी मतपंथानुसार ज्याला क्वचित शंका येते त्याने नमाज पुन्हा पढावी, पण ज्याला ती वारंवार येते त्याने मनाचा कल जिकडे अधिक आहे तो धरून पुढे जावे. नमाज पूर्ण झाल्यावर आलेली शंका तर मोजायचीच नसते. म्हणजे समुपदेशकांनी जे सांगितले ते आमच्या पुस्तकांत आधीपासून आहे. मुलाला सांगा, त्याने तांब्याभर पाण्यात एकदा वजू करून पढलेली नमाज दुरुस्त, म्हणजे ग्राह्य, आहे.

एवढेच सांगून मी थांबतो. त्याने हेच दुसऱ्या दिवशी विचारले तर मी उत्तर देणार नाही, कारण मौलाना बदलत राहणे हादेखील वस्वसाच आहे.

उत्तर 4 : नंदुरबार

फैजपूरच्या मौलानांचे शेवटचे वाक्य वाचून मला हसू आले, कारण मी स्वतः अनेक मुफ्तींना (धर्मनिर्णय देणाऱ्यांना) एकच प्रश्न फिरवून विचारत असे आणि प्रत्येक उत्तराने जेमतेम अर्धा दिवस जाई. आजार बरा होताना अबू झैद अल-बल्खी यांच्याविषयी वाचले. 934 मध्ये निधन झालेल्या या विद्वानाने शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. राग, भीती आणि दुःख यांच्या जोडीला वस्वशाचे वेगळे प्रकरण केले आणि अशा माणसाने एकांत टाळावा असे बजावले. मी नेमका उलट वागत होतो, जमात (मशिदीतील सामूहिक नमाज) सोडून खोलीत एकटा नमाज पढत होतो.

भुसावळच्या भाऊंना सांगतो, या गोळ्या नशेच्या नसतात. मात्र त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि मनाने एकदम बंद केल्या तर त्रास होतो. कॅप्सूलच्या आवरणातील जिलेटिन हलाल आहे का अशी शंका असेल तर डॉक्टरांना सांगून साधी गोळी मागता येते. रमजानमध्ये मी ती इफ्तारनंतर घेत असे, तीही विचारूनच. जळगावला जाणे जमले नाही तर 14416 या शासकीय टेलि-मानस क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते.

प्रश्नकर्तीचे उत्तर, दहा दिवसांनी

मौलानांचे उत्तर मी वडिलांना दोनदा वाचून दाखवले. त्यांनी स्वतः पितळी तांब्या काढून न्हाणीत ठेवला, बोलले काही नाही. भावाचे पहिले चार दिवस वाईट गेले. मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या नमाजच्या) वेळी तो घामाने भिजलेला असे. काल त्याने विचारले, ‘आपा, झाला ना?’ मी पहिल्यांदा उत्तर देऊन बसले आणि दुसऱ्यांदा गप्प राहिले. तो चिडून दार आपटून गेला, पण गेला मशिदीतच.

धुळ्याच्या ताईंना विचारायचे होते, त्या पहिल्या वेळीही मी गप्पच राहायला हवे होते का?