एकाची कमाई, दोघांचं घर: तुमच्याकडे कामं कशी वाटलीत?

एकच जण कमावतो अशा घरात बाकीची कामं कुणाची? 'घरी असेल त्याची' हे उत्तर पटकन येतं. पण नोकरी संध्याकाळी सुटते, ओटा रात्री दहालाही सुटत नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, करणाऱ्या पुरुषांचा ८८. 'वाटून घ्यायला हवं' हे सगळ्यांना मान्य आहे, म्हणून सल्ले नकोत. घरात प्रत्यक्ष काय ठरलं ते लिहा.

डोंबिवली
नवरा सकाळच्या लोकलने जातो तो रात्रीच उगवतो. तो बाहेर असेपर्यंतचं सगळं माझं. तो आल्यावर दोघांचं. जेवणं झाली की भांडी, ओटा, विरजण तो बघतो, मी मुलीला झोपवते. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात मी जात नाही. पोह्यांना अर्धं कपाट बाहेर निघतं, तरी जात नाही.

नाशिक
आमच्याकडे उलटं. कमावते मी. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा नवऱ्याने नोकरी सोडली. त्यांचं अंघोळपाणी, औषधं, डबे, गॅसचा नंबर लावणं, सगळं तो करतो. काम त्याला जड गेलं नाही, लोक जड गेले. लग्नकार्यात हमखास प्रश्न, 'मग हल्ली काय करतोस?' आणि मी ऑफिसातून आले की सासूबाई माझ्याकडे बघून म्हणतात, 'दमली असशील.' त्यांच्या मुलाला हे कुणी म्हणत नाही.

खरी अडचण पैशाची निघाली. केस कापायला जातानाही तो सांगून पैसे घ्यायचा. माझी आई बाबांकडे असेच मागायची, तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आता पगार झाला की ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात जाते. हिशेब मी विचारत नाही. संध्याकाळचा स्वयंपाक आणि रात्री सासऱ्यांसाठी उठणं माझ्याकडे.

पिंपरी
कंपनीत पूर्ण पाळी उभ्याने काढतो. घरी येऊन भांडी घासायची ताकद नसते, खोटं कशाला बोलू? दळण, किराणा, मुलांचा अभ्यास माझा. प्रत्येक घरात निम्मं-निम्मं जमणार नाही.

धागाकर्ती
पाळीचं पटलं. पण दळण आठवड्यातून एकदा, भांडी दिवसातून तीनदा. बायकोची पाळी कधी सुटते?

सातारा
ऊस त्यांच्या नावावर, बिल त्यांच्या खात्यात, म्हणून कमावते ते. खुरपणी, धारा, शेणघाण माझी आणि वर चूल. आता डेअरीचे पैसे माझ्या खात्यावर घेते. तेव्हापासून धारेच्या वेळेला पोरांना जेवायला वाढायचं काम ते न सांगता करतात.

न्यू जर्सी
मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो त्यावर. २०१५ पासून काही जणींना कामाचा परवाना मिळतो, पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीन कार्डची एक पायरी पार पडावी लागते. आमची पडलेली नाही. पुण्यात मावशी यायच्या, इथे डिशवॉशर. तो भरायचा आणि रिकामा करायचा कुणी, यावर आमची पहिली वर्षं गेली. आता भरते मी, रिकामा तो करतो. बाथरूम त्याचं. माझ्या क्लासच्या संध्याकाळी खिचडीही त्याची.

नागपूर, वकिली करते
जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-भरपाईच्या निकालात गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे हे पुन्हा ठासून सांगितलं. बाई अपघातात गेली की हा आकडा निघतो. ती असताना निदान तिच्या नावाने बचत तरी टाका. घरखर्चातून उरलेली नव्हे, आधी बाजूला काढलेली.

पिंपरी
धागा बायकोला वाचून दाखवला. सुट्टीच्या दिवशी दोन्ही वेळची भांडी मी घेतो म्हटलं. ती विचारतेय, कढई आणि कुकर धरून का?