विशेष शिक्षकांशी रोज बोलायचं की तीन महिन्यांनी?

ओली_कॉलर (पुणे)
माझा मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न. साध्याच शाळेत तिसरीत आहे. शब्द आहेत त्याच्याकडे, पण आपणहून काही सांगत नाही. दुपारी बसमधून उतरला की मी आधी त्याच्या शर्टाची कॉलर बघते. कोरडी असेल तर दिवस बरा गेला. चावून चावून ओली झालेली, धागे निघालेली असेल तर काहीतरी बिनसलंय. काय बिनसलं ते मला कोण सांगणार? म्हणून मी रोज विशेष शिक्षिकेला व्हॉट्सॅप करते. डबा खाल्ला का, रडला का, वर्गात किती वेळ बसला.

गेल्या आठवड्यात शाळेने बोलावून सांगितलं की रोज मेसेज नको, दर तीन महिन्यांनी आढावा घेऊ. वर्गशिक्षिका, विशेष शिक्षिका, शॅडो टीचर (वर्गात त्याच्या शेजारी बसणारी मदतनीस), स्पीच थेरपिस्ट असे चौघे एका बाजूला आणि समोर मी एकटी. तिथे काही सुचलं नाही, घरी येऊन रडले.

माझं मत आहे की ज्या मुलाला घरी येऊन सांगता येत नाही, त्याच्या आईला रोज कळलंच पाहिजे. तीन महिन्यांत अर्ध्याहून जास्त सत्र निघून जातं. तुम्ही किती वेळा बोलता? शाळेचं बरोबर वाटत असेल तर तेही लिहा, मी वाचीन.

फळा_आणि_खडू
मी विशेष शिक्षिका आहे, 14 वर्षं झाली. तीन महिने हे फारच झालं, तिथे तुमच्या शाळेचं चुकलं. पण रोजचंही मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

माझ्याकडे 23 मुलं आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला 10 मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना 15 मुलांमागे एक असं सांगितलं. ते आमच्या शाळेपर्यंत अजून आलेलं नाही. 23 घरांना रोज पाच-पाच मिनिटं दिली तरी दोन तास होतात, आणि ते शाळेच्या वेळेतले असतील तर मुलांच्याच वाट्याचे जातात.

दुसरी गोष्ट. समजा, पाणी हवं असेल तर चित्रकार्ड हातात द्यायचं, हे उद्दिष्ट ठेवलंय. सोमवारी 10 वेळांपैकी 4 वेळा जमलं, मंगळवारी एकदाच. हे मी रोज कळवलं की मंगळवारी रात्री घरात सुतक. बुधवारी आई कार्ड बदलते, गुरुवारी बाबा म्हणतात कार्डच नको. पंधरा दिवसांचं एकत्र बघितलं तर आकडा हळूहळू चढलेला असतो. रोजच्या एका आकड्याला अर्थ नसतो हो.

हक्काचं_बोला
मॅडम, तुमच्यावर ताण आहे हे मान्य. तो आईने का सोसायचा? दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 16 वाचा. प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यांवर लक्ष ठेवायचं त्यात लिहिलंय. लक्ष ठेवता ना? मग ते आईला सांगायला काय हरकत? शिक्षक कमी आहेत म्हणून भांडायचं तर सगळे मिळून सरकारशी भांडू. आईचा फोन बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही.

फळा_आणि_खडू
प्रगतीवर लक्ष ठेवायलाच हवं. पालकांशी रोज बोला असं मात्र त्या कलमात कुठेही नाही. आणि फोन बंद करा असं मी म्हणत नाही.

ठाण्याची_दोघींची_आई
मी आधी रोजवालीच होते, आता नाही. का ते सांगते.

थोरलीला डिस्लेक्सिया आहे. सातवीत होती तेव्हा मी रोज सुटल्यावर फाटकाशी थांबून बाईंना गाठायची. आज वाचलं का, फळ्यावरचं उतरवलं का. लेक शेजारी उभी. एक दिवस रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, बाकीच्यांच्या आया मला भेटायला येतात. तू बाईंना भेटायला येतेस." त्यानंतर फाटकावर विचारणं बंद केलं. महिन्यातून एकदा, ठरवून, तिला सोबत घेऊन बसतो. आता लेखनिक हवा की नको, जादा वेळ कोणत्या विषयाला लागतो, हे तीच बोलते.

ताई, तुमच्या लेकाचं वेगळं आहे, कळतं मला. पण मूल मोठं होतं तसं त्याच्या डोक्यावरून होणारं बोलणं त्याला ऐकू येतं. बोलत नाही म्हणजे ऐकत नाही असं नसतं.

शिराळकर
तुम्ही रोज की महिन्याने यावर भांडताय. आमच्याकडे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून येतात, पंधरा दिवसांतून एकदा. पोरगं सेरेब्रल पाल्सीचं, दुसरीत. सर एकटे, शाळा कितीतरी, मोटरसायकलवर हिंडतात, त्यांना दोष देत नाही. पण ते येतात त्या दिवशी मी रानात असतो. त्या दिवसाचा रोज बुडवून गेलो तर भेट.

मागच्या पावसाळ्यात पोराच्या पायाचे स्प्लिंट घट्ट व्हायला लागले. घोट्यावर लाल वळ उठायचे म्हणून आम्ही घरी काढून ठेवले. सरांना वाटलं पोरगं कंटाळा करतंय, म्हणून ते उभं राहण्याचा सराव वाढवत गेले. दोन भेटी, म्हणजे महिनाभर, दोघं उलट दिशेने ओढत होतो. एका फोनचं काम होतं. मी केला नाही, कारण मोठ्या माणसाला उगाच कशाला त्रास. म्हणून मी ओली_कॉलर ताईंच्या बाजूने आहे. विचारा. बिनधास्त विचारा.

फळा_आणि_खडू
दादा, तुम्ही जे लिहिलंत तेच मला म्हणायचं होतं, ते आकड्यांत राहून गेलं. तुमच्या फोनमध्ये विचारायचं काहीच नव्हतं. सांगायचं होतं.

माझ्याकडे एक मुलगी आहे, फिट येते तिला. वडील रोज संध्याकाळी मेसेज करायचे, आज काय केलं, किती केलं. मीही उत्तर द्यायची, कधी कधी रात्री अकराला अंथरुणात पडल्या पडल्या. त्याच काळात डॉक्टरांनी औषधाचा डोस वाढवला. मुलगी बाकावर डोकं टेकून पेंगायला लागली. मला वाटलं काम जड जातंय, म्हणून मी सोपं केलं, आणखी सोपं केलं. दोन आठवड्यांनी बोलता बोलता त्यांच्या तोंडून डोसचं निघालं. चौदा दिवस आम्ही रोज बोलत होतो!

डोस बदलला, रात्री झोप नाही, आजी गावाला गेली, घर बदलतंय, हे त्याच दिवशी सकाळी कळवा. यासाठी रात्री बारालाही मेसेज चालेल मला. आणि प्रगती विचारायला पंधरा दिवस थांबा.

एडिसनहून
इथे न्यू जर्सीत माझ्या मुलाचा आयईपी आहे, म्हणजे त्याच्या एकट्यासाठी शाळेने लिहून दिलेली शिक्षण योजना. इथला दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा म्हणजे आयडिया (IDEA). त्यात आयईपीचा आढावा वर्षातून किमान एकदा, आणि मधली प्रगती कधी कळवणार ते आयईपीतच लिहावं लागतं. आम्हाला ती गुणपत्रकासोबत येते. पालक मधेही मीटिंग मागू शकतात. कागदावर सगळं चोख आहे. पण पहिल्या वर्षी मी तेवढ्यावर विसंबले आणि जूनमध्ये कळलं की स्पीचचे तास बरेच दिवस झालेच नव्हते. म्हणून मला "पंधरा दिवस थांबा" हे ऐकायला सोपं वाटत नाही. विश्वास एकदा तुटला की माणूस रोजच विचारणार.

हक्काचं_बोला
+१. थांबा म्हणणाऱ्याने आधी विश्वास कमवावा.

ओली_कॉलर (पुणे)
सगळ्यांचं दोनदा वाचलं. फळा_आणि_खडू, तुमचं वाचून माझे महिन्याभराचे मेसेज वर सरकवून पाहिले. सगळी प्रश्नचिन्हं. त्या महिन्यात आमच्या शेजारच्या घरात फरशी फोडायचं काम चालू होतं आणि हा ड्रिलच्या आवाजाने पहाटेपर्यंत जागा असायचा. ते मी एकदाही लिहिलेलं नाही. कॉलर ओली का याचं निम्मं उत्तर माझ्याच घरात होतं.

तरी रोजचं सोडणार नाही. एक वही घेतलीय, दप्तरात जाईल. सकाळी मी दोन ओळी लिहीन, झोप, पोट, औषध, काही वेगळं घडलं असेल तर ते. शाळेने फक्त तीन खुणा करायच्या, जेवला, रडला, वर्गाबाहेर न्यावं लागलं. खुणा शॅडो टीचर करू शकते, मॅडमचा वेळ जाणार नाही. व्हॉट्सॅप बंद. आणि आढावा तीन महिन्यांनी नाही, महिन्याने, हे लेखी मागणार आहे. ठाण्याच्या ताई, त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलणं मात्र आजपासून थांबवते. हे डोक्यातच आलं नव्हतं.

फळा_आणि_खडू
वही चालेल. दर महिन्याचा आढावाही, मी तुमच्या शाळेत असते तर हो म्हटलं असतं. एक सुचवते, चौथी खूण ठेवा, आज हसला का. आमच्याकडून ते कळवायचं नेहमी राहून जातं.

एडिसनहून
आणि खुणा न करता वही परत आली तर?

ओली_कॉलर (पुणे)
तीन दिवस वाट बघीन. मग फाटकावर मी असेनच.

शिराळकर
सर येत्या शुक्रवारी येणार आहेत. आमच्यात वही कोण बघणार, म्हणून मालकिणीने स्प्लिंटच्या वळांचे फोटो काढून सरांना आत्ताच धाडलेत. दोन निळ्या रेघा आल्यात.