मदत हवी आहे – विलीनीकरणानंतर पायलटची सिनियॉरिटी

नमस्कार मंडळी, मी नागपूरची, मनीषनगरात राहते. माझा लहान भाऊ फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे, त्याची कंपनी दुसरीत विलीन झाली आणि आता नवीन सिनियॉरिटी यादीत तो एकदम शेकडो नंबर खाली गेला. पायलटचं सगळं या नंबरवरच असते, कॅप्टन कधी होणार, बेस कोणता, मोठं विमान मिळणार की नाही, दिवाळीला घरी येणं सुद्धा. आता नवीन कॉन्ट्रॅक्टवर सही करा म्हणून मागे लागले आहेत, त्यात फिक्स पगाराचे तास कमी, आणि पोरगा झोपून नाही राहिला रात्रीचा.

मी वाचलं तर कळलं हे भांडण जुनंच आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, दोन्हीकडच्या लोकांचे पगार-सिनियॉरिटी कसे जुळवायचे यावर नेमलेल्या धर्माधिकारी समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला, आणि त्याच वर्षी ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाच्या ट्रेनिंगवरून पायलट जवळपास दोन महिने संपावर होते. अमेरिकेत यूएस एअरवेजमध्ये तर विलीनीकरणानंतरच्या सिनियॉरिटीवरचा लवादाचा निकाल पटला नाही म्हणून पायलटांनी युनियनच बदलली. म्हणजे एकट्यानं लढून होत नाही असं मला वाटते.

माझं विचारणं एवढंच, जॉइनिंगची मूळ तारीख धरा असं लेखी मागता येते का? हरकत नोंदवून सही केली तर पुढे कोर्टात चालते का? नागपूर खंडपीठात सर्व्हिस मॅटर म्हणजे नोकरीच्या केसेस पाहणारे चांगले वकील कोणाच्या ओळखीचे आहेत का? सहीसाठी आठच दिवस आहेत हो, कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.