मदत हवी आहे: रिटर्न गिफ्टसाठी स्वस्त मराठी पुस्तकं सोलापुरात कुठं भेटतील?

पोरीच्या वाढदिवसाला ३० मुलं येणारेत, वय ६ ते ८, आणि यंदा प्लास्टिकचे डबे-पाऊच नको म्हणून प्रत्येकाला एक गोष्टीचं पुस्तक द्यायचं ठरवलंय. बजेट एका मुलामागं ८० रुपये, त्यातच बुकमार्क किंवा पेन्सिल बसली तर बरं. नॅशनल बुक ट्रस्ट आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची पातळ, चित्रांची पुस्तकं डोक्यात आहेत. ऑनलाइन बघितलं, पण कुरिअरचा खर्च धरला की हिशोब बसत नाही आणि कार्यक्रम पुढच्या रविवारी, त्यामुळं वेळेवर येईल याची खात्री नाही. नवी पेठेत फिरले, तिथं सगळा माल स्पर्धा परीक्षा आणि गाईडांचा, बालसाहित्य विचारलं तर रंगवायची वही पुढं केली!

मुलं मराठी माध्यमाचीच आहेत, काहींच्या घरी तेलुगू-कन्नड बोलतात पण मराठी नीट वाचतात, म्हणून इंग्रजी पुस्तकं सुचवू नका. जुनी पुस्तकं चालतील पण फाटकी नकोत. मी जुळे सोलापूरला राहते, गाडी आहे, शहरात कुठंही येईन.

मोठ्या साखळीचं नको, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असं छोटं दुकान असेल तर सांगा, आणि ३० वेगवेगळी पुस्तकं घेतली तरी तिथं सूट देतात का, की एकाच पुस्तकाच्या प्रती घ्याव्या लागतात?