मदत हवी आहे: फुलासमोर हवेत थांबणारा पतंग, एक वटवट्या आणि चतुरांचे थवे

नमस्कार मंडळी, पक्षी आणि किडे बघायचा मला जबरदस्त नाद आहे, इकडे आणि मधे इंग्लंडला राहिले होते तेव्हा तिकडे जे जे दिसलं त्याचे फोटो साठवून ठेवलेत, आता ते सगळं आयनॅचरलिस्ट आणि ईबर्ड या निसर्गनोंदींच्या साइट्सवर टाकायला घेतलंय आणि काही नोंदींवर गाडी अडलीये. जाणकारांनी प्लीज बघा.

सगळ्यात आधी पतंग. इंग्लंडमधे भर उन्हात लॅव्हेंडरवर एक किडा दिसला होता, राखाडी-तपकिरी अंग, मागचे पंख नारिंगी, फुलावर न बसता समोर हवेत थांबून लांब सोंडेने मध प्यायचा. बघणारे सगळे हमिंगबर्ड म्हणत होते, पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात आणि फोटोत मिशा स्वच्छ दिसतायत, त्यामुळे तो हमिंगबर्ड हॉकमॉथ याबद्दल शंका नाही. अडलंय ते इकडच्यावर. तसाच दिवसा उडतो, तसाच फुलासमोर तरंगतो, पण पंख काचेसारखे पारदर्शक आणि शिरा काळ्या, पाठ शेवाळी हिरवी, पोटावर लालसर पट्टा आणि शेपटीला काळ्या केसांचा झुपका. हा सेफोनोडेस गटातला पतंग असणार, कारण त्यांच्या पंखांवर कोशातून बाहेर येताना खवले असतात आणि पहिल्या उडण्यातच ते झडून जातात, शिवाय अनंताच्या झाडावर शेपटीला शिंग असलेली हिरवी अळीही सापडलीये आणि या पतंगाच्या अळ्या अनंत, कॉफी याच कुळातल्या झाडांवर वाढतात. पण भारतात हायलास आणि पायकस असे दोन्ही सेफोनोडेस आहेत ना, मग फोटोवरून ते वेगळे कसे करायचे? वरून काढलेला फोटो पुरतो का खालून पण लागतो? मला हे मनापासून नीट शिकायचंय, नुसतं नाव नको, काय बघून ओळखलं तेही सांगा.

दुसरं, वटवट्या, म्हणजे वॉर्बलर पक्षी. इंग्लंडमधला सोपा होता, काळपट पाय आणि वसंतात स्वतःचंच नाव घेत बसलेला चिफचॅफ, त्याच्यासारखाच दिसणारा विलो वॉर्बलर असतो पण त्याचे पाय फिकट आणि गाणं वरून खाली घरंगळत येणारं. इकडे हिवाळ्यात झाडाच्या शेंड्यात जो दिसतो तो हिरवट, ठळक भुवई, पंखावर एक बारीक फिकट रेघ आणि आवाज दोन तुकड्यांत तोडलेला, चि-स्वी असा काहीतरी. पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप ग्रीनिश वॉर्बलर म्हणतंय. पण पोट जरा पिवळसर वाटतंय म्हणून ग्रीन वॉर्बलर तर नाही ना असं वाटतं, तोही हिवाळ्यात पश्चिम घाटात येतो. रेकॉर्डिंग आहे, फोटो मात्र उन्हातला असल्यामुळे रंगावर किती विश्वास ठेवू कळेना.

तिसरं चतुर. पाऊस ओसरला की मोकळ्या मैदानावर सोनेरी पिवळ्या चतुरांचे थवेच्या थवे फिरतात, बसतच नाहीत. त्यांना पॅन्टाला फ्लेव्हेसेन्स जातीचे समजते मी, जे ऑक्टोबरमधे मालदीवला पोचतात आणि पुढे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मधे मांडलं होतं. एवढासा जीव आणि एवढा समुद्र, मला तर थवा दिसला की तिथून हलवतच नाही. तशाच दिसणाऱ्या ट्रॅमिया चतुराच्या मागच्या पंखाच्या मुळाशी गडद डाग असतो, तो माझ्या उडत्या फोटोंत दिसत नाही, तेवढ्यावर पॅन्टाला लिहिलं तर चालेल का? आणि थव्याची संख्या अंदाजे लिहायची का नुसतं 'थवा' लिहू, थवा कुठल्या दिशेला चाललाय तेही नोंदवावं का? याच्या नोंदी कोणाच्या तरी कामाला याव्यात असं फार वाटतं.

फोटो आणि रेकॉर्डिंग खाली जोडतेय, पतंगाचे न क्रॉप केलेलेही आहेत, लागले तर सांगा.