बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत सम-विषम पार्किंग: हवं की नको?

शहापूरकर

गल्लीच्या पंचांनी मागच्या बैठकीत प्रस्ताव मांडला. सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या. गल्लीच्या दोन्ही तोंडांना चारचाकी कुणीच लावायची नाही. रोज सकाळी आठला बाजू बदलायची. सगळ्यांचं जमलं तर सह्या घेऊन अर्ज वाहतूक पोलिसांकडे आणि महापालिकेत जाणार. बैठकीत इतका आरडाओरडा झाला की निम्मी मंडळी उठून गेली. रविवारी परत बसायचं ठरलंय, म्हणून त्याआधी इथे लिहितो.

मी प्रस्तावाच्या बाजूचा. टेप लावून गल्ली मोजली. भिंतीपासून भिंतीपर्यंत 20 फूट, दोन्हीकडची गटारं आणि त्यावरच्या फरश्या सोडल्या की चाकाला 17 फूट उरतात. स्विफ्ट आरसे न धरता 5 फूट 8 इंच रुंद आहे. समोरासमोर दोन उभ्या राहिल्या की मध्ये 5 फूट 8 इंचच राहतात. कचऱ्याची घंटागाडी म्हणजे टाटा एस, साधारण 5 फुटांची, म्हणून घंटागाडीवाला आत यायलाच तयार नसतो. हॉर्न वाजवत तोंडाशी उभा राहतो आणि मधल्या घरांतल्या बायका बादल्या घेऊन पळतात. आगीचा बंब 8 फुटांच्या आसपास असतो. आपल्याकडे घराघरांत सूत आहे, साड्यांचे गठ्ठे आहेत, लाकडी माळे आहेत. एकाच बाजूला गाड्या लावल्या तर 11 फूट मोकळे राहतात आणि बंब थेट मधल्या विहिरीपर्यंत येतो.

शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. या गल्ल्या बैलगाडीच्या मापाने वसल्या, त्यात कुणाचा दोष नाही. पण गल्ली आपण रुंद करू शकत नाही आणि गाड्या दरवर्षी वाढतायत.

मागवाला

विरोध. चार माग हायत घरात. आठवड्याला बीम, म्हंजे सूत गुंडाळलेला मागाचा रूळ, येतोय, साड्या जातेत. बीम माणसाच्या उंचीचा असतोय, दोघांनी खांद्यावर घ्यायचा आणि दारातनं सरळ आत घालायचा. टेम्पो दाराम्होरंच पाहिजे. समोरच्या बाजूला लावून बीम रस्त्यातनं आडवा आणला तर मधनं मोटरसायकलवाले घुसतेत. आणि एकदा का सूत घासलं, तार तुटली की जोडत बसायला घरातली दोन माणसं अर्धा दिवस जातेत. त्या दिवसाची मजुरी कोण देणार? धंदा आधीच बसलाय. ज्यांची नोकरी हाय, गाडी फक्त रविवारी काढतेत, त्यांनी नियम करायचे आणि आम्ही पाळायचे, हे काही पटत न्हाई.

खासबागची लेक

मागवाले काका, तुमचा टेम्पो वीस मिनिटं थांबतो. त्याला कुणी अडवू नये, हे अर्जात लिहूनच घ्या. माझं भांडण वेगळं आहे. सगळे चारचाकीवर बोलतायत आणि दुचाकीचा प्रस्तावात शब्द नाही. आमच्या दाराला लागून रोज तीन-चार मोटरसायकली असतात, हँडल थेट चौकटीत. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. त्यांना देवळात न्यायचं तर आधी मी बाहेर येऊन गाड्या ढकलायच्या, त्याही हँडल लॉक केलेल्या. कुणाला सांगायला जावं तर “वैनी, दोन मिनिटं” म्हणतात आणि तास जातो. दारासमोर तीन फूट मोकळे ठेवायचे, दुचाकीसुद्धा नाही, हे लिहिणार असाल तर सही करते. नाहीतर नाही.

चोर्ला रोड

माझी पिवळ्या पाटीची गाडी हाय, कर्जावर घेतलेली. भाडं घेऊन गोव्याला जातो. परत येताना चोर्ला घाट चढून घरी पोचायला रात्रीचे दोन होतेत. मिळंल त्या जागी गाडी लावून पडायचं, तर सकाळी आठला उठून बाजू बदला म्हणताय? रात्रभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाला धड झोपू पण देणार न्हाई? आणि बदलायची तरी कुठं? आठ वाजता सगळेच गाड्या काढणार, त्या एका बाजूला निम्म्याच बसणार. राहिलेल्या निम्म्या जाणार कुठं, हे मोजलं का शहापूरकरांनी? टेप फक्त रुंदीला लावली.

अजून एक. 31 तारखेनंतर 1 येते, दोन्ही विषम. त्या दोन दिवशी एकाच बाजूच्या घरांनी सोसायचं.

खडेबाजार

मूळ कारण कुणी बोलत नाही. लग्नसराईत साडीखरेदीला येणाऱ्या गाड्या बाजारात मावत नाहीत, त्या आपल्या गल्लीत शिरतात. गोव्याच्या जीएच्या पाट्या बघा, कोल्हापूरच्या एमएच 09 बघा. सकाळी लावून संध्याकाळी नेतात. बाजारासाठी महापालिकेने पैसे घेऊन गाड्या लावायची जागा करावी, मग गल्लीला नियमच लागणार नाही.

साडीवाला

दुकान माझं आहे आणि घर याच गल्लीत आहे, म्हणून दोन्हीकडनं बोलतो. गोव्याचं गिऱ्हाईक येतंय म्हणून मागवाल्यांची साडी खपते, हे विसरू नका. लग्नाचं घर एका वेळी पंधरा-वीस साड्या घेऊन जातं. त्यांना हाकलून लावलं तर ते दुसऱ्या गावचा बाजार धरतील. जागा करा ही मागणी मी पण करतो, पण ती होईपर्यंत लग्नसराईत दिवसा सूट ठेवा.

खडेबाजार

सूट ठेवली तर राहिलं काय? गर्दी नेमकी तेव्हाच असते.

कायद्याचं थोडं

दोन गोष्टी स्पष्ट करतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 117 प्रमाणे गाड्या कुठे उभ्या करायच्या ते सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेली यंत्रणा ठरवते, तेही स्थानिक संस्थेशी, म्हणजे इथे महापालिकेशी, बोलून. पंचांनी आपल्या खर्चाने पाट्या रंगवून लावल्या तर त्याला काही अर्थ नाही, दंड कुणाला लागणार नाही. उलट, अडथळा होईल अशी गाडी रस्त्यात सोडून जाणं कलम 122 खाली आजही गुन्हा आहे, पाटी असो वा नसो. आणि आपल्या दारापुढची जागा धरायला जे दगड, कुंड्या, रिकामे ड्रम मांडलेत, त्यांना तर कुठलाच आधार नाही. ते आधी उचला.

मागवाले काकांसाठी: निळ्या गोलात एकच तिरपी लाल रेघ असेल तर ‘नो पार्किंग’, फुली असेल तर थांबायलाही बंदी. फुलीची पाटी मागूच नका. अर्जात माल चढवण्या-उतरवण्याचं वाक्य ठळक घाला.

अर्ज कन्नडमध्ये जाईल, ते ठीकच. पण गल्लीत लागणारी सूचना मराठीतही असावी, ही विनंती त्याच अर्जात करा. ज्या घरांत म्हातारी माणसंच आहेत त्यांना नियम वाचता आला पाहिजे.

शहापूरकर

टेम्पोची सूट आणि दारापुढचे तीन फूट, दोन्ही मला मान्य, रविवारी मीच मांडतो. लग्नसराईत सूट द्यायला माझा विरोध आहे. बंबाला सीझन नसतो.

चोर्ला रोड दादा, निम्म्या गाड्यांना जागा उरणार नाही हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण आज त्या गाड्या मावतात त्या बंबाच्या वाटेवर. तुमच्याच घराच्या मागे सुताची खोली आहे, वर पोरं झोपतात. मला ती वाट सोडवत नाही. बाजू रोज बदलण्याऐवजी महिन्याला बदलू: एक महिना इकडे, एक महिना तिकडे. सकाळची धावपळ नको, आणि 31 तारखेचा घोळही राहणार नाही.

मागवाला

महिन्याचं चालंल. टेम्पोचं लेखी दाखवा, मग अंगठा घ्या.

गणेशभक्त

उत्सवात मंडप अर्धी गल्ली घेतो. त्या वेळी काय करायचं? हे पण लिहा, नाहीतर पोलीस मंडपाच्या परवानगीला हाच कागद पुढे करतील.

चोर्ला रोड

महिन्याची बाजू बरी हाय, झोप तरी होईल. पण जागेचं उत्तर मिळालं न्हाई. बाजाराच्या मागं ती मोकळी जागा पडलीय, रात्री तिथं कुत्री सोडून कोण नसतं. गल्लीतल्या गाड्यांना रात्री नऊ ते सकाळी नऊ तिथं लावू द्या, एक दिवा आणि एक वॉचमन द्या, महिन्याचे पैसे आम्ही भरतो. हे एकाच अर्जात, पहिल्या पानावर पाहिजे. नुसत्या बंदीच्या कागदावर माझी सही न्हाई, आणि मागच्या आळीतल्या इतर पिवळ्या पाटीवाल्यांची पण न्हाई, त्यांच्याशी बोलूनच लिहितोय.